पाय उचलला की एक

१७ फेब्रुवारी, सोमवार
छत्तीस उंदरांच्या पाठी भादरल्या. सकाळी नऊला सुरू केलं, उठले तेव्हा दोन वाजून गेलेले. कंबर कामातून गेली.
बिरूमामा धरायचे, मी छोटं मशीन फिरवायची. मामा मी कॉलेजात लागले त्याच्याही आधीपासून आमच्या ॲनिमल हाऊसला आहेत. मंगळवेढ्याकडचे, घरची मेंढरं. म्हणाले, "मेंढरू कातरताना एवढं हळू धरत बसलो आसतो तर आमच्या बापानं मलाच कातरला आसता." पण एकाही उंदराला ओरखडा नाही.
सहा गट, गटात सहा. उद्यापासून दोन दिवस त्वचा निवू द्यायची, मग रसायन. पाठीवर खाज आणि सूज आणायची, माणसाच्या ॲटोपिक डर्माटायटिससारखी. ती आली की आमचं करंजाच्या सालीचं मलम. पीएच.डी.चं सहावं वर्ष. त्यातली निम्मी वर्षं परवानग्या आणि फॉर्म.
घरी आले तर नळाला पाणी आलेलं. पाच दिवसांनी. पिंप भरेपर्यंत उभीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार
रसायनाचा पहिला हात. प्रत्येक पाठीवर मोजके थेंब. वास डोळ्यांत जातो. सहा उंदीर वगळायचे, ते निरोगी गटातले.
मामांनी विचारलं, "मॅडम, एक इचारू का? खाज आपुनच उठवायची, आन् आपुनच घालवायची. मंग उठवायचीच कशापायी?"
मी म्हटलं, "माणसांना आपोआप उठते मामा. औषध लागू पडतं का बघायचं तर आधी कुणाला तरी..."
"कुणाला तरी. व्हय."
पिंजरे फळीवर लावून ठेवले.
माझी कोपरं, मान, गुडघ्यांच्या मागची बाजू. चार महिन्यांची असल्यापासून आहे म्हणे. कॉलेजात कुणाला माहीत नाही. बारा महिने पूर्ण बाह्या, गळ्याला ओढणी. सोलापूरच्या उन्हात लोक विचारतात, गरम होत नाही का मॅडम. टॅनिंग, म्हणते.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र. कॉलेज बंद. उंदरांना सुट्टी नसते, म्हणून सकाळी तासभर जाऊन आले.
आईचा फोन, अक्कलकोटहून. पहिला प्रश्न नेहमीचाच. "जयव्वा, अंग कसं हाय?" बरं आहे म्हटलं. लहानपणी झोपताना हातांत वडिलांचे मोजे घालून मनगटाला नाडी बांधायची. आणि दिवसभर एकच, "केरकोब्याड! केरकोब्याड!" खाजवू नको, खाजवू नको. मला कानडीतलं पहिलं वाक्य आलं असेल तर ते हेच.
तिला माझ्या कामाबद्दल नीटसं सांगितलेलं नाही. औषधाचं संशोधन, एवढंच. उंदरांना खाज आणते हे सांगितलं तर काय म्हणेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
नवी पेठेत जाऊन जपाचं काउंटर घेतलं, बोटात घालून अंगठ्यानं दाबायचं. दुकानदार म्हणाला, "ताई, कुठलं नाव घेता? लाखाचा संकल्प असंल तर हे मोठं घ्या, आकडा पुसला जात नाय." छोटंच घेतलं.

३ मार्च, सोमवार
खाजवायला लागले.
एकेकाला काचेच्या पेटीत ठेवून अर्धा तास व्हिडिओ. नंतर बसून मोजायचं. नियम असा: मागचा पाय पाठीकडं उचलला की एक. पाय खाली टेकेपर्यंत किंवा तोंडात घालून चाटेपर्यंत ते एकच. मधे कितीही वेळा ओरखडलं तरी एकच. तोंड पुसणं मोजायचं नाही. अंग झटकणं मोजायचं नाही.
लिहायला सोपं. प्रत्यक्षात पाय इतका भरभर चालतो की नुसती धूसर रेघ दिसते.
तीन व्हिडिओ झाले आणि लक्षात आलं, डाव्या हाताच्या काउंटरचा अंगठा चालू आहे आणि उजवा हात माझ्या मानेवर. नखात रक्त. ओढणीला डाग. बाथरूममध्ये जाऊन धुतला.
पुढचे तीन व्हिडिओ हातमोजे घालून बघितले.

८ मार्च, शनिवार
मलम सुरू करून तीन दिवस. डब्यांवर फक्त नंबर आहेत. कुठला नंबर कुठलं औषध, ती चिठ्ठी पाटणे सरांच्या कपाटात बंद. सर माझे गाईड. मला कळू नये म्हणूनच तसं केलंय. कळलं तर डोळे हवं तेच मोजतात.
आज उंदराची शेपटी मनगटावर घासली, ग्लोव्ह आणि बाहीच्या मधल्या फटीत. पाच मिनिटांत गांधी उठल्या, शेपटीच्या रेषेतच. शिंका थांबेनात. मामांना सर्दी म्हणून सांगितलं.
ही सर्दी नाही हे मला कळतं. मी फार्माकॉलॉजी शिकवते.
आज कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम होता. गुलाबाचं फूल मिळालं.

११ मार्च, मंगळवार
अर्धी रजा टाकून स्किनच्या डॉक्टरांकडं. नवीन आहेत, तरुण, नीट ऐकणाऱ्या. भिंगातून बघितलं.
"एवढं अचानक का वाढलं? घरी कुत्रा, मांजर?"
"नाही."
"काम काय करता?"
"शिकवते."
खोटं काहीच बोलले नाही. उंदरांशी संबंध येतो का असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, उद्यापासून तिकडं पाऊल टाकायचं नाही. अजून अडीच आठवडे. फक्त अडीच आठवडे.
गोळ्या, मलम, आणि "ताण कमी करा".

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. मुलगी सोसायटीतल्या पोरींबरोबर रंगून आली आणि दारातून ओरडली, "मम्मी, मी तुला हात लावणार नाही, डोंट वरी!" नऊ वर्षांची आहे. आईला रंग चालत नाही, लोकर चालत नाही, उदबत्ती चालत नाही, सगळं पाठ.
महेशनं हात बघितले. तो टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, दिवसभर सुटलेले धागे आणि डाग शोधतो. असल्या नवऱ्यापासून लपत नाही.
"हे उंदरांनी वाढलंय."
"हंगाम बदलतोय."
"जया, सोड ना. एवढं करून काय मिळणारे?"
त्याला राग नव्हता, तो दमलाय. मी पण. दोघंही पंख्याखाली आडवे झालो.

१७ मार्च, सोमवार
हे लिहायचं नव्हतं. लिहिते.
सातव्या पिंजऱ्यातला एक, कानाला खाच असलेला. शनिवारी त्याच्या पाठीची जखम बघितली. खाजवून खाजवून कातडं गेलेलं. जखम ठरावीक मापाची झाली की जनावर प्रयोगातून काढायचं आणि कायमचं झोपवायचं, असं मीच प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कमिटीला लिहून दिलंय. शनिवारी ती त्या मापाच्या अगदी काठावर होती. मामा म्हणाले, "मॅडम, ह्याचं काय खरं न्हाई. सोडवा की त्याला." मी म्हटलं सोमवारी परत मोजू. गटात सहाच आहेत. एक गेला की पाच.
आज जखम दुप्पट. डोळे अर्धे मिटलेले, अंगावरचे केस उभे. आणि तरी पाय चालू.
मामा काही बोलले नाहीत. शनिवारी बोलले होते, तेवढं पुरे.
मीच इंजेक्शन दिलं. तळहातावर धरून बसले. औषध चढेपर्यंत मागचा पाय उचलत होता, पाठीपर्यंत पोचत नव्हता, तरी उचलत होता. मग थांबला.
ते मी मोजलं नाही.
रजिस्टरमध्ये तारीख १७ घातली. शनिवारचं काही लिहिलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
लेक्चर दोन, प्रॅक्टिकल एक, मलम पस्तीस पाठींना. बाकी काही नाही.

२१ मार्च, शुक्रवार
आज श्वास अडकला.
खाली बसून पिंजऱ्यातला भुसा बदलत होते. छातीत शिट्टी वाजायला लागली. उठायला गेले तर उठवेना. मामांनी दंडाला धरून बाहेर काढलं, व्हरांड्यात बाकावर बसवलं, ओढणी सैल करा म्हणाले. बाही वर सरकलेली होती. त्यांनी बघितलं.
मग, "हे तुमालाबी हाय?"
"हो."
"कवापास्नं?"
"लहानपणापासून."
"आन् तुमी ह्यास्नी..."
वाक्य सोडून दिलं. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी पाण्याची बाटली उघडून दिली. म्हणाले, "आमच्या एका मेंढीला खरूज झालती. समदं आंग बाभळीला घासायची. बाभळीचा काटा लागून रगात यायचं, तरी बाभळ सोडायची न्हाई. बा म्हणायचा, काटा बरा, पर खाज न्हाई बरी. तुमी कसं काढलं एवढं वरीस?"
असं कुणी विचारलेलं आठवत नाही. डॉक्टर कधीपासून विचारतात, कुठं विचारतात. कसं काढलं, हे नाही.
रडले थोडी. मामा तोंड फिरवून उभे राहिले.
मग म्हणाले, "ताई, उद्यापास्नं म्या धरतो, म्याच लावतो. तुमी दाराबाहीरनं सांगा." मॅडमची ताई झाले.

२५ मार्च, मंगळवार
मामा आत, मी दाराच्या काचेबाहेर, मास्क लावून. मी नंबर सांगते, ते डबा उघडतात, पाठीला मलम लावतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. उंदीर त्यांच्या हातात चुळबूळसुद्धा करत नाहीत.
दुपारी त्यांच्या फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अर्धी मला. चटणी मला चालत नाही, भाकरी खाल्ली.
बारा वाजता बाहेर चाळीस. आत एसी चालू, उंदरांसाठी.

२९ मार्च, शनिवार
शेवटचा दिवस. शेवटचे व्हिडिओ काल-परवा झाले. आज रक्त, त्वचेचे तुकडे, बाटल्या. म्हणजे पस्तीसच्या पस्तीस गेले. निरोगी गटातलेसुद्धा, ज्यांना काहीच झालेलं नव्हतं.
सरांचे दोन सहकारी मदतीला होते. मी आत येऊ नये अशी मामांची धडपड. तरी गेले. डबल मास्क. माझं काम आहे, दुसऱ्याच्या हातानं सगळंच कसं करून घेणार.
संध्याकाळी पिंजरे धुऊन पालथे घातले. खोली एकदम शांत. इतके दिवस आवाज असतो हे कळतच नव्हतं, भुशातली खसखस.
मामा म्हणाले, "ताई, घरी जा. उद्या पाडवा हाय."

३० मार्च, रविवार
पाडवा. पुरणपोळी सासूबाईंनी केली. मी दुपारी चारपर्यंत झोपले. कुणी उठवलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
मोजतेय. पस्तीस व्हिडिओ, अर्ध्या-अर्ध्या तासाचे. दिवसाला चार जमतात, पाचव्याला डोळे फसवतात. शंका आली की मागं नेऊन पुन्हा. ॲनिमल हाऊसला गेले नाही तर शिंका थांबल्या. चट्टे थोडे फिके. खाज तेवढीच.

९ एप्रिल, बुधवार
मोजून संपलं. सरांच्या केबिनमध्ये कपाट उघडून चिठ्ठी काढली, नंबर जुळवले.
आमच्या मलमानं सूज उतरली. लाली उतरली, खपल्या गेल्या. जास्त डोसच्या गटात तर पाठी जवळजवळ निरोगी गटासारख्या. सर खुर्चीतून उठले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला चहा मागवला.
मग खाजवण्याचा तक्ता लावला.
त्याच गटात, त्याच चांगल्या दिसणाऱ्या पाठी, आणि खाजवणं जवळजवळ खाज आणून औषध न लावलेल्या उंदरांएवढं. कातडी बरी, खाज तशीच. बाजारातल्या नेहमीच्या औषधाच्या गटात मात्र दोन्ही खाली.
सर म्हणाले, "हं. हे बघू."
घरी येताना रिक्षात एकच आठवत होतं. सातवी-आठवीत असेन. सोलापूरलाच मोठ्या डॉक्टरांकडं आणलं होतं. महिनाभर मलम लावून कातडी छान झालेली. डॉक्टर हात उलटा-पालटा करून म्हणाले, "आता तर काहीच दिसत नाही. ही सवय आहे, मनाची. हातावर फटका द्या." आईनं तिथंच दिला. तिचा दोष नाही, ती दोन वर्षं नीट झोपली नव्हती.
पण खाज होती. दिसत नव्हती, आणि होती.

११ एप्रिल, शुक्रवार
सरांचं म्हणणं, जसं आठवतंय तसं:
"जयश्री, खाजवण्याचा तक्ता काढून टाका. शीर्षकात फक्त त्वचेची सूज ठेवा. डेटा सुंदर आहे, पेपर होईल, थिसिस होईल."
"सर, पण मोजलंय ते."
"एका माणसानं मोजलंय. व्हिडिओवर. थकलेल्या डोळ्यांनी. वर्तनाचं माप हे असंच असतं, आज एक, उद्या दुसरं. जे पक्कं नाही ते छापायचं कशाला?"
"मलम घेणारा माणूस खाज जावी म्हणूनच घेईल ना सर."
ते चष्मा काढून डोळे चोळत बसले. जूनमध्ये रिटायर होतायत. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. वाईट माणूस नाही. माझ्या प्रत्येक फॉर्मवर त्यांनी रात्री जागून... असो. म्हणाले, "शेवटी तुमचं नाव जाणार आहे. पण माझी सही लागणार आहे."
एका माणसानं मोजलंय, हे मात्र खरं आहे.

१३ एप्रिल, रविवार
जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसले होते. पुन्हा मोजावं म्हणून. महेश आला, बाजूला बसला.
"मला दाखव. एक म्हणजे काय?"
पाय उचलला की एक, ते सांगितलं. चाटणं, झटकणं सोडायचं, ते सांगितलं.
"चिठ्ठी टाक. कुठले बघायचे ते तू ठरवू नको."
मुलीनं डोळे झाकून सहा चिठ्ठ्या काढल्या. महेशनं काउंटर घेतलं, मी आत जाऊन पडले. मधेच लाईट गेली, पंखा बंद, तो लॅपटॉपच्या बॅटरीवर बघत राहिला. घामानं बनियन ओलं. साडेपाचला हाक मारली.
सहातले पाच आकडे माझ्या आकड्यांच्या अगदी जवळ. एकात तो माझ्यापेक्षा जास्त. तो म्हणाला, "हितं तू सोडलेलं मी धरलंय, बघ." मागं नेऊन दाखवलं. त्याचं बरोबर होतं.
मग लॅपटॉप मिटला आणि तसाच बसून राहिला.
"जया, तो एक होता ना, पाठ एकदम साफ असलेला. तो खात असतो आणि खाता खाता मधेच थांबून... परत खायला जातो, परत थांबतो. त्याला धड खाऊ पण देत नाही ते."
"हं."
"तुला असंच होतं?"
चौदा वर्षं झाली लग्नाला. मी हो म्हटलं.
तो माझ्या हातावर हात ठेवणार होता, मग कुठं ठेवावा ते कळेना, तसाच अधांतरी राहिला. मी त्याचा हात धरून तळव्यावर ठेवला. तळवे बरे आहेत माझे.

१५ एप्रिल, मंगळवार
काल सुट्टी होती. आज सरांना सगळं सांगितलं. ठरवून गेले होते.
बाही वर करून दाखवली. लहानपणापासून आहे, उंदरांची ॲलर्जीही झालीय, एकदा श्वास अडकला, मामांनी मलम लावलं. सातव्या पिंजऱ्यातल्याला शनिवारी झोपवायला हवं होतं, सोमवारपर्यंत थांबले, तेही. थांबले कारण मला सहा हवे होते.
का सांगितलं? मला वाटलं त्यांना कळेल की कातडी बरी दिसूनही खाज असते, मला माहितीय, मी...
सर म्हणाले, "म्हणजे तुमच्या मोजण्यात तुम्ही आहात."
"सर?"
"तुम्हाला हे असंच दिसणार. तुमच्या बाबतीत हेच खरं आहे ना, म्हणून. पूर्वग्रह म्हणतात ह्याला. आता तर तो तक्ता अजिबात ठेवता येणार नाही."
महेशनंही मोजलंय, मी म्हटलं. "तुमचे मिस्टर?" सर म्हणाले.
आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चूक नाही. चिठ्ठी कपाटात होती, मला गट माहीत नव्हते. पण माझ्या अंगठ्याला काय माहीत होतं, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.
दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "तुमचा ज्यांच्याशी संबंध नाही अशा कुणाकडून तरी मोजून घ्या. मग बोलू. आणि बाकीचं मला कमिटीला कळवावं लागेल."
"हो सर."

१७ एप्रिल, गुरुवार
कमिटीचं पत्र आलं. ॲनिमल हाऊसमध्ये प्रवेश बंद, मेडिकल तपासणी होईपर्यंत. शनिवारच्या उंदराबद्दल लेखी खुलासा. मामांनाही खुलासा, परवानगी नसताना मलम का लावलं.
मामांकडं गेले, दाराबाहेरूनच. माझ्यामुळं तुम्हाला हे, म्हटलं. तोंडाला येईल ते ऐकायची तयारी ठेवली होती.
"लिवून द्या की तुमीच. म्या सही करतो."
"काय लिहू?"
"जे झालं त्ये. ताईचा दम कोंडला, म्या लावलं. ह्यात काय लपवायचं हाय?"
लिहिलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली.
माझा खुलासा अजून लिहून होत नाही. "मोजमापात संदिग्धता असल्याने" असं सुरू केलं आणि खोडलं. संदिग्ध काही नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार
खुलासा दिला. चार ओळी. शनिवारी दिसलं होतं, मी थांबले, चूक झाली, जबाबदारी माझी.
व्हिडिओंचा पेन ड्राइव्ह अंजुम मॅडमना. आमच्याच कॉलेजात, केमिस्ट्रीच्या. आमची ओळख मस्टरवर सही करताना हसण्यापुरती, म्हणूनच त्यांना विचारलं. नियमाचा कागद दिला. म्हणाल्या, "पर मेरे को तो चूहों से डर लगता है मॅडम." मग हसल्या. "चला, स्क्रीनमधूनच आहेत ना."
किती दिवस लागतील विचारलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार
त्रेचाळीस. डांबर वितळतंय. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली.
डॉक्टरांकडं जाऊन काम काय करते ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. लिहून घेतलं, तपासणीचा कागद भरून दिला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी पहिल्यांदाच सांगा."
पुढच्या वेळी.

२८ एप्रिल, सोमवार
अंजुम मॅडमनी कागद दिला. सगळे पस्तीस. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर रोज थोडं थोडं केलं म्हणे. मुलांना वाटलं मम्मी सिरियल बघते.
बऱ्याच ठिकाणी माझ्याएवढेच. काही ठिकाणी कमी. जास्त डोसच्या गटातल्या दोघांत तर बरेच कमी. एवढे की तो गट माझ्या तक्त्यात दिसतो तितका वाईट दिसत नाही. चांगला मात्र दिसत नाहीच.
दोन्ही व्हिडिओ परत बघितले. एकात उंदीर पेटीच्या कोपऱ्याकडं पाठ करून बसतो, पाय अर्धा दिसतो. मी ते धरलेत. त्यांनी सोडलेत. कोण बरोबर? मला विचारलं तर मी म्हणेन, तो खाजवतोय. पण मला विचारून चालणार नाही, हेच तर झालंय.

३० एप्रिल, बुधवार
उद्या महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवारला जोडून पाहुणे. म्हणून आजच संपवलं. प्रकरण दोनदा लिहिलं. एकात फक्त त्वचा. एकात त्वचा आणि खाज दोन्ही, माझे आकडे, अंजुम मॅडमचे आकडे, दोन्ही जिथं जुळत नाहीत ते उघड, आणि मोजणारीला स्वतःला हा आजार आहे हे एका वाक्यात. ते एक वाक्य लिहायला दुपार गेली. महेशचे आकडे घातले नाहीत. तो म्हणाला, राहू दे, मी आपला बघायला बसलो होतो.
पाच वाजता सर माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत कधी खाली आमच्या स्टाफरूममध्ये आले नव्हते, नेहमी आपणच वर जायचं. खुर्ची ओढून बसले.
"जेवताना पण होतं का हो?" एकदम विचारलं.
"काय सर?"
"खाज."
"होते."
"शिकवताना?"
"शिकवताना डस्टर हातात घट्ट धरते."
मान हलवली. मग दोन्ही प्रती उचलल्या, न चाळता, पिशवीत टाकल्या. "वाचतो," म्हणाले. "दोन्ही वाचतो."
जिन्यापर्यंत सोडायला गेले. सर कठडा धरून हळूहळू चढत होते, गुडघे दुखतात त्यांचे. सही कुठल्या प्रतीवर करणार ते विचारायचं होतं. वर पोचेपर्यंत उभी राहिले, आणि विचारलं नाही.